पुलाच्या पिक्चरचा अनुमोदक

त्या दिग्दर्शकाने उभ्या आयुष्यात चारच पिक्चर काढले आणि चारपैकी एकही बीडच्या टॉकीजला लागला नाही. पुण्या-मुंबईकडे त्याचं नाव निघालं की जाणते लोक आवाज खाली आणतात म्हणे. आमच्याकडे कुणापुढे ते नाव घेतलं असतं, तर समोरच्याने आधी 'कोणत्या गटाचा?' असं विचारलं असतं. तरीही सिरसाळ्यापासून थोडं आत, एका सहकारी साखर कारखान्याच्या कॉलनीत आम्ही पाच माणसं अशी होतो, की हे चारही पिक्चर आम्हाला तोंडपाठ झाले होते. पडद्यावरचा माणूस तोंड उघडायच्या आधी आम्हीच त्याचं वाक्य म्हणून टाकायचो. आणि चारांत सगळ्यांत भारी कोणता, यावर आमची वर्षानुवर्षं जुंपायची.

मी त्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. बेअरिंग, नट-बोल्ट, पट्टे, ग्रीसचे डबे, आणि ते मागायला येणाऱ्यांची तोंडं, हा माझा संसार. खरा संसार बीडला. बायको तिथे कोर्टात नोकरीला, मुलगी तिच्याजवळ, कारण क्लासेस सगळे तिकडेच. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने मी जायचो आणि सोमवारी सकाळी परत. उरलेले दिवस कॉलनीतल्या दोन खोल्यांत मी आणि माझा गॅस. आठवडाभर एकट्यापुरता भात शिजवणाऱ्या माणसाने एखाद्या वादाला किती जीव लावावा, हे ज्याने तसा भात शिजवला त्यालाच कळेल.

पिक्चर आणले चीफ केमिस्टसाहेबांनी. ते कोल्हापूरकडचे, वाचणारे, बघणारे, आणि आपण वाचतो-बघतो हे विसरू न देणारे. सीडीचा काळ होता. त्यांच्यानंतर शेतकी अधिकारी, त्यांच्याकडे मोठा टीव्ही म्हणून बहुतेकदा तेच यजमान. मग इलेक्ट्रिकलचा एक तरुण इंजिनिअर. मग मी. आणि पाचवा पॅनमन. उसाचा रस आटवून आटवून त्याचा दाणा पाडणाऱ्याला कारखान्यात पॅनमन म्हणतात. तापलेल्या भांड्याला जी काच असते तिच्यातून बघत उभं राहायचं, मध्येच थेंबभर रस काचपट्टीवर घ्यायचा आणि दाणा किती झाला ते पाहायचं. साखर चांगली उतरली की कौतुक केमिस्टचं, बिघडली की शिव्या पॅनमनला. तो उमापूरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला साहेब. स्टोअरमध्ये यंत्र पुसायची चिंधी मागायला आला तरी साहेब, आणि भांडताना तर हमखास साहेब.

पिक्चरची नावं आम्ही घेत नव्हतो. सरकारी कचेरीतल्या लिफ्टमनचा एक, तो लिफ्टचा. मिठागरातल्या कुटुंबाचा, तो मिठाचा. लग्नात वाजवणाऱ्यांचा, तो बँडचा. आणि अर्धवट पुलावरच्या राखणदाराचा, तो पुलाचा.

आता, सहकारातली माणसं. चौघं चहाला जमली तरी आधी अध्यक्ष कोण ते ठरतं. आमचंही तसंच झालं. सुरुवातीला थट्टा म्हणून, मग सवय म्हणून. पिक्चर संपला की सभा. ज्याने चहा केला तो अध्यक्ष. कोणता पिक्चर सर्वोत्तम, असा विषय पुकारायचा. एकाने सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, आणि मगच तो पिक्चर मताला टाकायचा. मत हात वर करून. सूचक आहे पण अनुमोदक नाही, तर त्या पिक्चरचा विचारसुद्धा होणार नाही, विषय तिथेच खलास. कारखान्याच्या वार्षिक सभेत शेतकऱ्यांना जसं बोलायला मिळत नव्हतं तसं आम्हालाही मिळू नये, अशीच कुणाची तरी इच्छा असावी.

बहुमत मिठाच्या बाजूने. केमिस्टसाहेब सुचवायचे आणि शेतकी अधिकारी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत अनुमोदन द्यायचे. इंजिनिअरचा लिफ्टचा, त्याला कधीमधी कुणीतरी दया म्हणून अनुमोदक मिळायचा. पॅनमनचा बँडचा. तो लागला की त्याचे डोळे हसून हसून भरून यायचे, आणि पाळीतला आपला माणूस म्हणून इंजिनिअर त्याला अनुमोदन देऊन टाकायचा. राहिला पुलाचा. पुलाचा माझा.

काय आहे त्या पिक्चरमध्ये, असं विचाराल तर सांगायला काही नाही, आणि हीच त्याच्यावरची पहिली तक्रार. नदीवर पूल बांधायला घेतलाय, अर्धा झालाय, काम थांबलंय. ठेकेदार गेला, मजूर गेले, एक राखणदार मागे ठेवलाय. तो पुलावरच राहतो. भाकरी करतो, नदीत भांडं घासतो, पुलाच्या तुटक्या टोकापर्यंत चालत जातो, परत येतो. संध्याकाळी त्या टोकाला कंदील टांगतो, चुकून कुणी खाली पडू नये म्हणून. कुणीही येत नाही. अख्ख्या पिक्चरमध्ये तो माणूस पाच-सहा वाक्यं बोलत असेल. पण कंदील टांगून झाल्यावर तो जो मागे वळून पुलाकडे बघतो ना, ते बघणं मी पहिल्यांदा पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. माझ्या खोलीत दिवा लावल्यावर मी रोज तसाच बघायचो. हे मी सभेत कधी बोललो नाही. सभेत मी कॅमेरा, प्रकाश, मौन असले केमिस्टसाहेबांचेच शब्द वापरायचो आणि तोंडघशी पडायचो.

"पुलाचा. सूचक मी," असं मी म्हणायचो.

"अनुमोदक?" अध्यक्ष विचारायचे.

मग शांतता. कुणी बशीत चहा ओतायचं. कुणी खिडकीकडे बघायचं. इंजिनिअर खोकायचा.

"अनुमोदक न मिळाल्यामुळे विषय फेटाळण्यात येत आहे," अध्यक्ष म्हणायचे आणि सगळे खो खो हसायचे. मीही हसायचो. एखादी थट्टा जास्त वेळा झाली की तिच्यात आपण नेमके कुठे बसलोय ते दिसायला लागतं. मला एकच हवं होतं, त्या चौघांपैकी एकाने एकदा तरी हात वर करावा. पिक्चर हरला तरी चालेल, पण मताला टाकला जावा.

माझ्या मनात दुसरंही यायचं, तेही सांगून टाकतो. सभा कधीमधी बाकीच्या तिघांच्या क्वार्टरमध्येही व्हायची, माझ्या क्वार्टरमध्ये व्हायची नाही. कधी माझा टीव्ही लहान म्हणून, कधी माझी खोली टोकाला म्हणून. आमच्या वडिलांनी दीक्षा घेतलेली, माझ्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. कुणी काही बोललं नाही, आणि कुणी बोललं नाही म्हणून मलाही बोलता आलं नाही. पण अनुमोदनाच्या वेळी ती शांतता पसरली, की पिक्चर आवडला नाही की मी आवडलो नाही, हा हिशेब माझ्या डोक्यात सुरू व्हायचा. एक मात्र खरं. पॅनमन पहिल्या वर्षापासून माझ्याकडे जेवायला यायचा आणि माझ्या भाताला नावं ठेवून दोनदा घ्यायचा. आणि तोच पुलाच्या पिक्चरचा सगळ्यात कट्टर विरोधक. त्यामुळे माझा हिशेब कधी जुळलाच नाही.

पॅनमनचा विरोध साधासुधा नव्हता.

"साहेब, त्याला रोज कंदिलाला रॉकेल कोन आनून देतंय?"

"भाऊ, तो मुद्दा नाही."

"मुद्दाच हाय. अन् दुसरं. एकटा मानूस असा गप्प बसत न्हाई. म्या मेंढरांमागं एकट्यानं दिवसच्या दिवस काढलेत. एकटा मानूस लई बडबडतो. दगडाशी बोलतो, मेंढराला आईवरून शिव्या देतो, स्वतःच इचारतो अन् स्वतःच उत्तर देतो. ह्यो तुमचा मानूस तोंडात मीठ धरून बसलाय. ह्या डायरेक्टरला एकटं ऱ्हायचं ठावं न्हाई."

"आणि बँडच्या पिक्चरमध्ये सगळे एकदम बोलतात, एकाचंही दुसऱ्याला ऐकू येत नाही, ते खरं?"

"लग्नात कुनाला ऐकू येतं, साहेब?"

मग मी हुकमी पत्ता काढायचो. "तुम्ही पुलाचा पुरता पाहिलाय का? प्रत्येक वेळी राखणदार भाकरी करायला बसला की तुमचं घोरणं सुरू होतं." हे अगदी खरं होतं. तीन पाळ्यांचं शरीर, खुर्चीत बसलं की झोपायचं. तो कधीच मान्य करायचा नाही. "डोळे मिटून बघत असतो," म्हणायचा.

मग ते दुष्काळाचे हंगाम आले. एक पाऊस गेला, दुसरा गेला. नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळायला लागली. रानात जो काही ऊस उभा होता तो चाऱ्याला गेला, आणि कारखान्याच्या यार्डात जिथे उसाच्या गाड्यांची रांग लागायची तिथे जनावरांची छावणी बसली. त्या वर्षी मोळी टाकलीच नाही, म्हणजे उसाचं गाळप सुरूच झालं नाही. पुढच्या वर्षीही टाकली नाही. सकाळचा भोंगा बंद झाला. भोंग्यावर दूध तापवणाऱ्या कॉलनीतल्या बायकांचं दूध कित्येक दिवस उतू जात होतं. पाण्याचा टँकर यायचा त्या वेळेवर मग सगळ्यांनी आपली घड्याळं लावली.

माणसं पांगली. केमिस्टसाहेब सगळ्यांत आधी, कोल्हापूरकडच्याच एका कारखान्यात. जाताना पिक्चर आम्हाला देऊन गेले, मोठ्या मनाने, जणू काही गाव इनाम देतायत. शेतकी अधिकाऱ्यांनी काही दिवस छावणीचं काम पाहिलं, मग तेही गेले आणि त्यांच्याबरोबर मोठा टीव्ही गेला. इंजिनिअर पुण्याला गेला. मी राहिलो, कारण स्टोअर होतं. कारखाना बंद असला तरी बेअरिंग गंजतात, चोरीला जातात, कुणीतरी किल्ली सांभाळावी लागते. पॅनमन राहिला, कारण त्याला गेटवर पहाऱ्याला बसवलं. साखरेचा दाणा ओळखणारा माणूस हातात काठी घेऊन स्टुलावर बसला. त्याला त्याची लाज वाटत होती हे मला दिसायचं, कारण मी गेटमधून जाताना तो मुद्दाम उठून मोठ्याने "साहेब, नमस्कार" म्हणायचा.

आता टीव्ही माझाच. त्यामुळे सभा माझ्या खोलीत यायला लागली. दुपारी वीज आली की तो पहारा दुसऱ्याला देऊन यायचा, मी चहा टाकायचो, पिक्चर लागायचा. पहिल्याच वेळी पेच पडला. पाच असताना आम्ही तिघांचा कोरम ठरवला होता. आता होतो दोघे.

"कोरम न्हाई," तो म्हणाला. "सभा तहकूब करा."

"म्हणजे संपलंच का?"

"कावून संपतं? कायदा हाय, साहेब. कोरम न्हाई तर सभा अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासानं त्याच जागी परत. मग कोरम लागत न्हाई. आपल्या कारखान्याची दर सालची सभा अशीच व्हती का न्हाई?"

होतेच. नोटिशीच्या तळाशी ते वाक्य छापलेलं असायचं आणि कुणी वाचत नसे. मी हसत हसत सभा तहकूब केली. आता हा अर्धा तास काय करायचं? पिक्चरवर बोलायचं नाही, कारण सभा तहकूब आहे. आम्ही दोघं उठून वजनकाट्यापर्यंत गेलो आणि त्याच्या लोखंडी पाटावर बसलो. समोर छावणीतली जनावरं रवंथ करत होती. मग त्याने विचारलं, "साहेब, तुमची पोरगी कितवीला हाय?"

इतकी वर्षं आम्ही एकत्र पिक्चर पाहिले, आणि त्याला माझी मुलगी कितवीला आहे हे माहीत नव्हतं. मलाही त्याच्या घरात कोण कोण आहे ते ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून प्रत्येक सभेला कोरम नव्हता आणि प्रत्येक सभा अर्धा तास तहकूब व्हायची. त्या अर्ध्या तासात त्याने मला काय काय सांगितलं. त्याचे वडील पायी पायी मेंढरं घेऊन किती लांब जायचे, आई मुक्कामाला पोचली की तीन दगडांचं घर कसं मांडायची. शाळेत तो वर्षातून अर्धाच असायचा. बायको उमापूरला सासू-सासऱ्यांचं बघते, तिच्याशी फोनवर बोलताना त्याला काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून तो हवामान सांगतो. मी त्याला सांगितलं, शनिवारी बीडच्या घराची बेल वाजवताना मला पाहुण्यासारखं वाटतं. मुलगी अभ्यासातून मान वर करून "कधी आलात?" विचारते आणि मान खाली घालते. हे मी बायकोला कधी बोललो नव्हतो. त्याने ऐकून घेतलं, काठीने जमिनीवर एक रेघ ओढली आणि म्हणाला, "झाला अर्धा तास. चला, सभा सुरू करा."

आणि मग खोलीत येऊन आम्ही जीव खाऊन भांडायचो. मी पुलाचा सुचवायचो, तो ठामपणे म्हणायचा, "अनुमोदक न्हाई. विषय खलास." तो बँडचा सुचवायचा, मीही म्हणायचो, "अनुमोदक नाही." दोन माणसं, दोन सूचक, अनुमोदक शून्य. महिनोन् महिने एकही पिक्चर मताला गेला नाही. त्या दिवसांत मी शनिवारची एसटी दोनदा-तीनदा चुकवली, स्टोअरमध्ये काम आहे असं बायकोला सांगून. काम कसलं डोंबलाचं. शनिवारी वीज दुपारी उशिरा यायची आणि सभा एसटीच्या वेळेपुढे जायची, एवढंच. आज मागे बघतो तेव्हा कळतं, की दुष्काळाच्या त्या दोन वर्षांइतका सुखात मी त्या कॉलनीत कधी नव्हतो. हे बोलणं पाप आहे, लोकांची रानं करपत होती. पण जे होतं ते होतं.

एका दुपारी तो नेहमीपेक्षा लवकर आला. हातात दुधाची पिशवी. "आज चहा म्या करतो," म्हणाला.

"का हो? अध्यक्ष व्हायची हौस आली?"

"तसं समजा." त्याने आल्याचा तुकडा ठेचला, चहा उकळला, माझ्यापुढे कप ठेवला. मग म्हणाला, "आज पुलाचा लावा."

इतक्या वर्षांत त्याने पुलाचा मागून घेतला नव्हता. मी लावला. राखणदार भाकरी करायला बसला. मी तिरक्या नजरेने पाहिलं. तो जागा. राखणदार नदीवर गेला, भांडं घासलं, परत आला. पॅनमन जागाच. गुडघ्यावर हात ठेवून, पॅनच्या काचेतून बघावं तसा वाकून बघत होता. कंदिलाच्या वेळी तर त्याने पापणीही हलवली नाही. पिक्चर संपला, टीव्ही निळा झाला.

मी म्हटलं, "कोरम नाही. सभा..."

"आज तहकूब नको," तो म्हणाला. "विषय घ्या. म्याच अध्यक्ष हाय. सर्वोत्तम पिक्चर कोनता? सूचक?"

"पुलाचा. सूचक मी," मी सवयीने म्हणालो.

"अनुमोदक म्या." आणि त्याने हात वर केला. सरळ, खांद्याच्या वर.

काय सांगू, मला एकदम लहान मुलासारखा आनंद झाला. मी उठून उभाच राहिलो. पिक्चर मताला पडला, दोन हात वर, विरोध नाही. बिनविरोध मंजूर. मी टाळ्या वाजवल्या. त्याला म्हणालो, पाहिलंत, जागं राहून पाहिलं की कसा चढतो तो पिक्चर! त्या वळून बघण्याचं मी त्याला सांगायला लागलो, माझ्या खोलीतल्या दिव्याचंही सांगितलं, जे कुणालाच सांगितलं नव्हतं. बराच वेळ मी एकटाच बोलत होतो. मग माझ्या लक्षात आलं, तो माझ्याकडे बघत नव्हता, फरशीकडे बघत होता.

"काय झालं, भाऊ?"

"परवा चाललो, साहेब. सांगलीकडं. तिकडं त्यांचा बॉयलर पेटायला आलाय अन् पॅनमन न्हाई."

मी खाली बसलो. सांगलीकडच्या कारखान्याचं बोलणं महिनाभर चाललं होतं, हे त्यानेच तेव्हा सांगितलं. महिनाभर तो त्या काट्यावर बसून माझ्याशी सगळं बोलला होता, हे सोडून.

"म्हणजे हे अनुमोदन निरोपाचं का?" माझा आवाज चढला. "पेढ्याचा पुडा द्यावा तसं? इतकी वर्षं हाणून पाडलंत, आणि आता जाता जाता दान करताय? मनापासून सांगा, आवडला का तुम्हाला पिक्चर?"

"हात वर केलाय ना? मनाचं कोन इचारतं सभेत?"

"मी विचारतोय."

तो उठला. कप विसळून पालथा ठेवला, कधी नव्हे ते. दारात जाऊन म्हणाला, "साहेब, तुमी इतक्या वर्सांत दुसरं काय मागितलंच न्हाई. मला द्यायला हेच व्हतं." आणि गेला.

मला त्याच्या मागे जायला हवं होतं. मी गेलो नाही, मला राग आला होता. एसटीवर सोडायला मात्र गेलो. त्याचं गाठोडं टपावर चढवलं, खिडकीतून त्याने हात हातात घेतला, पिक्चरबद्दल दोघंही बोललो नाही. गाडी सिरसाळ्याच्या दिशेने वळली आणि मी किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन स्टोअरला आलो. एका माणसाने चिंधी मागितली, त्याच्यावर मी विनाकारण खेकसलो.

पुढचे कितीतरी दिवस टीव्ही लावला नाही. परतीचा पाऊस त्या वर्षी बरा झाला, छावणी उठली, यार्ड मोकळं झालं. कारखाना सुरू होणार अशा बातम्या यायच्या आणि जायच्या. कॉलनीत आमच्या ओळीत दिवा माझाच. टँकरसुद्धा यायचा बंद झाला. इतकं शांत, की स्टोअरच्या पत्र्यावर चिमणी चालली तरी कळायचं.

मग एका दुपारी मी पुलाचा लावला. आपला पिक्चर, बिनविरोध मंजूर झालेला, आता निवांत बघू असं म्हणून. राखणदार भाकरी करायला बसला. बराच वेळ त्याची भाकरी चालली. मी म्हणालो, "अरे, उलट की आता, करपेल." तो नदीवर गेला. मी म्हणालो, "चप्पल काढ, घसरशील." तो टोकाकडे चालत निघाला आणि मी त्याला सरळ शिवी घातली. "बोल की बे काहीतरी! किती दिवस झाले तुला, बोल!" आणि माझ्याच आवाजाने दचकलो. त्या बंद खोलीत मी मोठमोठ्याने टीव्हीशी भांडत होतो. आणि तेव्हा लक्षात आलं, मी हल्ली दिवसभर बोलतच असतो. कुलपाशी बोलतो. भाताशी बोलतो. ग्रीसच्या डब्याला काल काय काय सुनावलं होतं ते आठवलं. पडद्यावर मात्र तो माणूस तोंड मिटून पुलाकडे बघत होता, आणि माझ्या अंगावर काटा आला नाही. मला तो खोटा वाटला.

इतकं बोलायला सुचलं त्या दिवशी, इतके मुद्दे सुचले. पॅनमनच्या बाजूचे, त्याच्या विरुद्धचे, मधले. पिक्चर तसाच चालू ठेवून मी त्याला फोन लावला. त्याने उचलला तेव्हा मागे यंत्रांचा घरघराट होता, कुणीतरी ओरडत होतं, वाफ सुटल्याचा आवाज येत होता. तिकडे हंगाम जोरात होता.

"भाऊ, तुमचंच बरोबर होतं," मी ओरडून सांगितलं. "तो माणूस बोलायला पाहिजे होता!"

"कोन मानूस? कोनाचं काय झालं, साहेब?" तो घाबरला.

"पुलावरचा! पिक्चरमधला! एकटा माणूस असा गप्प बसत नाही. मी ठराव मागे घेतो. आपण पुन्हा विषय घेऊ, तुम्ही विरोध करा, मी..."

तो हसला. मोकळं, थकलेलं हसू. पाठीमागून कुणीतरी त्याला हाक मारली. "आलो, आलो," तो तिकडे म्हणाला, आणि मग फोन तोंडाजवळ धरून मला, अगदी मायेने: "आता कावून मागं घेता? मंजूर झालाय की. तुमचाच पिक्चर एक नंबर, साहेब. बसा आता निवांत."

फोन बंद झाला. पिक्चर अजून बराच बाकी होता.